सटवाईपुढची कंपनीची डायरी

४ नोव्हेंबर ८७
काल सटवाई पुजली. घरात कोरा कागद सापडेना, म्हणून जावईबापूंच्या कंपनीची डायरी ठेवली, वर पेन. बाळाचं नशीब लिहून जाते म्हणतात. सकाळी बघते तर कोरीच. म्हटलं, दमली असेल बाई, मीच लिहिते. शिकलेय चौथी, चुका होणारच.
नात सहा दिवसांची झाली. नाक माझं! शैला म्हणते, "आई, अजून नाक कुठे दिसतंय तिचं?" दिसेल. माझंच आहे.
इथे दोह्यात सूक वाकिफच्या बाजारात अळीव मिळाले. इथे त्याला रशाद म्हणतात. इथल्या बायकाही बाळंतिणीला हेच देतात. मला वाटलेलं, हे आपल्याकडचंच... असो.
जा. बा. बॅग भरत होते. कुठे, विचारलं तर बॅगेची चेन ओढली.

५ नोव्हेंबर
जा. बा. गेले. ते ऑफिसातले इंजिनियर, पण कंपनीच्या नूरा बोटीवरच्या इंजिनियरने वर कुवेतकडे जायला नकार दिला, म्हणून त्याच्या जागी ह्यांना धाडलं. तिकडे इराण-इराकची लढाई, तेलाचा टँकर दिसला की मारतात. निघताना म्हणाले, "बारशाला हजर होतो. नाव मी ठरवलंय, येऊन सांगतो."
डायरीच्या पहिल्या पानावर कंपनीची हकिगत छापलीय. शै. ने वाचून दाखवली. मालकाचे आजोबा मोत्यांच्या होडीवर. बापाने गोडं पाणी वाहिलं, मग एक जुना टँकर घेतला. लढाई लागली, दुसऱ्यांच्या बोटी येईनात, तेव्हा ह्यांनी तीन केल्या. दुसरे भ्याले म्हणून हे मोठे झाले. मग ह्यांच्या वाटणीचं भ्यायचं कोणी? आम्ही.
बोटींना घरच्या मुलींची नावं. नूरा मालकाची थोरली. बोटीचा फोटो आहे. कुंकू लावलं.

७ नोव्हेंबर
सकाळी बाळाला तेल लावत होते. रेडिओवर हिंदी बातम्या. टँकर पेटला म्हणाला. माझे हात तसेच राहिले. मग नाव सांगितलं, सिल्वर मून. नूरा नाही! जीव भांड्यात पडला.
कंपनीचा ड्रायव्हर दगडू भाजी घेऊन आला. साताऱ्याकडचा, इथल्या नजमा वस्तीत एका खोलीत आठ जणांत राहतो. त्याच्या हातावर साखर ठेवली. "खा रे, पेटली ती बोट आपली नाही." खाईना.
"आजी, नूराचं नाव पुसलंय कंपनीनं गेल्या महिन्यात. झेंडा बी बदललाय. कुणी वळखू नये म्हनून. आता सिल्वर मून म्हंत्यात."
"आणि माणसं?"
"ऑफिसात कुनालाच म्हाईत न्हाय. टेलेक्सची वाट बघत्यात. इन्शाल्ला..."
साखर मुठीत घेऊन गेला.
मग मी कुंकू लावलं ते कुणाला?
शै. ला सांगायचं नाही. अंगावर पाजतेय, दूध आटेल. रेडिओचे सेल काढून तांदळाच्या डब्यात पुरले.

८ नोव्हेंबर
शै. म्हणाली, रेडिओ का नाही लावलास? म्हटलं, सेल संपले. तिने वाटी पुढे ओढली. अळिवाची खीर मुकाट प्यायली. एरवी केवढी कुरकुर!
बाळ झोपेत हसलं. सटवाई हसवते म्हणतात. हसवतेस काय बाई, आधी काय लिहिलंस ते सांग.
दगडू फिरकला नाही. भाजी नको रे, नुसता ये.

९ नोव्हेंबर
बारावा दिवस. पाळण्याला शै. ची हिरवी साडी गुंडाळली, घुगऱ्या शिजत घातल्या. शै. भातासाठी तांदूळ काढायला गेली. डबा. माझ्या लक्षातच नाही! सेल हातात घेऊन उभी.
"अगं, ते..."
"आई, मला माहीत आहे. नाव बदलल्याचं ह्यांनीच सांगितलेलं. परवाची बातमी मी आतून ऐकली. तुझं ब्लडप्रेशर, म्हणून गप्प राहिले."
दोघी तिथेच खाली बसून रडलो. बाळ उठलं, मग तिसरी.
दुपारी दगडू आला. टेलेक्स आलाय. बोट ओढत दुबईला नेतायत. इंजिनरूममधले काही जण भाजलेत, काही सापडत नाहीत. नावं अजून कळवली नाहीत.
शै. म्हणाली, "उरकून घे बारसं. तुझा बारावा दिवस."
साऱ्या भावकीत ह्या दिवसासाठी मी भांडलेय, कुणाला चुकवू दिला नाही. आज मीच नको म्हटलं. नाव तिच्या बापाजवळ आहे. तो घेऊन येईल.
शेजारणींना घुगऱ्या दिल्या. पाळणा सजवून रिकामाच, बाळ माझ्या मांडीवर. डायरी उघडी ठेवतेय, वर पेन. ह्या पानाचं खालचं अर्धं मी लिहिणार नाही.