गाडी माझ्या नावावर

मंगळवार, दुपार

लाडक्या भिंगरे,

आजीचा तुझ्या डोक्यावरून हात. मी बरी आहे. गुडघे त्यांच्या मर्जीनं चालतात आणि मी त्यांच्या मागं. मावशीकडे नीट जेवतेस ना? तुझा फोन बंद, म्हणून शेवटी कागद घेतला. चौथीत शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे, लावून लावून वाच. हसलीस तरी चालेल.

पहिली बातमी. तुझी आजी गाडीची मालकीण निघाली! आपली लॉन्ड्रीची पांढरी गाडी, चादरींचे गठ्ठे वाहणारी, ती चक्क माझ्या नावावर आहे. मला पत्ताच नव्हता. जन्मभर माझ्या नावावर एक गुडघेदुखी तेवढी होती. बाईच्या नावानं घेतली की काही सवलत मिळते म्हणे, म्हणून तुझ्या बापानं घेतली आणि मला सांगायचं राहून गेलं.

कळलं कसं, ते ऐक. शनिवारी सकाळी इस्त्रीचं मशीन फुसफुसत होतं, तुझी आई चादरींच्या घड्या घालत होती, मी फाटक्या चादरी बाजूला काढत होते. तेवढ्यात दारात पोलीस. एक हवालदार आणि एक फौजदारबाई. अगं, केवढीशी ती! तुझ्याच वयाची, केस घट्ट बांधलेले, आणि हवालदार तिला मॅडम मॅडम करतोय. मला इतकं कौतुक वाटलं की "बसा" म्हणायचंच विसरले.

तिनं गाडीचे कागद मागितले. आरसी बुक, विमा, चालवणाऱ्याचं लायसन. बापानं कपाट उघडलं. तिनं आरसी बुक चाळलं आणि माझं नाव वाचलं, अगदी आडनावासकट. इतक्या वर्षांत माझं नाव असं पूर्ण कुणी घेतलंच नव्हतं गं. मी ताडकन उठले आणि ओरडले, "मीच ती!" लॉटरी लागल्यासारखी. हवालदार हसला. तुझा बाप मात्र पांढराफटक पडला होता. ते माझ्या नंतर लक्षात आलं.

चहा टाकला मी. तुझ्या आईच्या हातातून साखरेचा डबा पडला, मुंग्या अजून फिरतायत स्वयंपाकघरात. मांजर पण त्यातून चालत गेलं आणि गोड पायांनी धुतलेल्या गठ्ठ्यावर चढलं. सगळा गठ्ठा परत धुवावा लागला.

बरं. किती मांजर सांगत बसू.

फौजदारबाई म्हणाली, "गुरुवारी संध्याकाळी चौकात या गाडीनं एका बाईला उडवलं. शिवणकाम करते ती, कपडे पोचवायला निघाली होती. कंबरेचं हाड मोडलंय, अजून शुद्धीवर नाही. गाडी थांबली नाही. कोण चालवत होतं?"

भिंगरे, माझ्या हातातली बशी तिरकी झाली आणि चहा पायावर सांडला. भाजलं ते पण रात्री कळलं. तू घरी येऊन म्हणाली होतीस ना, गाडी खांबाला घासली? मी तर त्या खांबालाच शिव्या घातल्या होत्या.

तुझा बाप म्हणाला, "ड्रायव्हर चालवत होता." आणि तुझा ड्रायव्हरकाका दाराशी उभाच होता. दाढी करून, धुतलेला शर्ट घालून, लायसन हातात तयार. तो म्हणाला, "हो, मीच." मान खाली. ज्यानं तुला क्लच शिकवला, तू गाडी बंद पाडलीस की "पुन्हा, ताई, पुन्हा" म्हणायचा, तो माणूस.

गुरुवारी त्याला ताप होता. मीच दुपारी गोळी देऊन घरी पाठवला होता. आणि संध्याकाळी तू गाडी काढलीस तेव्हा मी गॅलरीतून हात केला होता. तूही केलास. आपल्या घराण्यात बाईनं गाडी चालवावी, याचंच मला रोज नवल!

फौजदारबाईनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आजी, मालकीण तुम्ही आहात. चालवणाऱ्याचं नाव, पत्ता मालकानं सांगायचा असतो. कायद्यानंच सांगावं लागतं. तुम्ही सांगा."

"आईला काय कळतंय? ती कधी खाली उतरते?" तुझा बाप म्हणाला.

"मी त्यांना विचारलंय."

तुझी आई माझ्यामागं येऊन कानात म्हणाली, "आई, पोरीचं आयुष्य आहे हो." तिचा हात माझ्या खांद्यावर होता. मलाही कळतं गं आयुष्य. पण काकाचं लायसन गेलं तर त्याच्याकडे दुसरं काय आहे? त्याचं आयुष्य नाही? आपण गप्प बसलो असतो, आणि तो बिचारा आपल्यासाठी आत गेला असता, वर आपल्यालाच "येतो" म्हणून.

मी सांगितलं. "माझी नात चालवत होती." नाव सांगितलं, वय सांगितलं. मावशीचा पत्ता विचारला, तोही सांगितला.

झालं. हेच लिहायचं होतं, चार ओळींत झालं असतं.

तेव्हापासून तुझा बाप माझ्याशी बोलत नाही. जेवणाचं ताट समोर येतं, आवाज न करता. काका एकटाच आला, म्हणाला, "आजी, कशाला बोललात?" आणि जिन्यात बसून लहान पोरासारखा रडला. मी काय समजूत घालणार? मला स्वतःलाच अजून खरं वाटत नाही. तू, मेलेली चिमणी दिसली तर खड्डा खणून पुरणारी तू, न थांबता आलीस?

आता चांगली बातमी, आणि ही ऐकून मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये परक्या नर्सला मिठी मारली! काल मी काकाबरोबर गेले. हाड जोडलंय, बाई शुद्धीवर आलीये, भात मागून खाल्ला. काठी घेऊन का होईना, चालेल, असं डॉक्टर म्हणाले. जीव राहिला गं तिचा! मी तिच्या उशाशी बसले. मी कोण, ते सांगितलं. मला वाटलं, ही हाकलून देईल. मग तिनं एकच विचारलं, "मी ओरडले होते. तिला ऐकू आलं होतं का?"

काय सांगू? मी गाडीत नव्हते.

शनिवारी निघताना फौजदारबाई म्हणाली, आपणहून आली तर बरं, येत्या शुक्रवारपर्यंत वाट बघते. मी म्हटलं, येईल. शब्द देऊन बसले बाई, अंगठा उठवावा तसा. शिक्षा होईल, लायसन जाईल, नोकरीचं काय ते मला माहीत नाही. मी बरोबर येईन. चौकीचा जिना उंच आहे, तू मला धर.

पण त्याआधी हॉस्पिटलात जा. तिनं विचारलंय ते तूच सांग, खरं असेल ते. तिची कॉट खिडकीजवळ आहे, डावीकडे दुसरी.

तुझं नाव सांगणारी,
तुझीच आजी