कानाचं मशीन

सोमवार, १ जून
आज दुकानं उघडली! सकाळपासून शटरं वर जाण्याचा नुसता खडखडाट. सलूनबाहेर ही रांग — सगळी झिपरी माणसं, आणि न्हावी दारात कात्री घेऊन असा उभा की जणू त्याचाच सत्कार आहे. खिडकीत उभी राहून हसले. आणि आईला दाखवायला मागे वळले.

आठ दिवस झाले तिला जाऊन. झोपेतच गेली. ताप नाही, खोकला नाही, कुणाला काही त्रास नाही. तिची खुर्ची अजून खिडकीकडे तोंड करून आहे. हलवली नाही.

मंगळवार, २ जून
पर्स झाडली तर पावती निघाली. कानाचं मशीन, दुरुस्तीसाठी, २१ मार्च. दुसऱ्याच दिवशी सगळं बंद झालं आणि आई नऊ आठवडे ठार बहिरी राहिली. शेवटपर्यंत. मी पाटीवर लिहायचे, ती मोठ्याने उत्तर द्यायची. 'जेवतेस?' — 'जेवते की! पाटी कशाला, ताट दाखव!'

ते मशीन आणायचं. घालणार कोण, मला विचारू नये. बारा वर्षं तिच्या कानात होतं, ते परक्याच्या ड्रॉवरमध्ये नको.

ताईचा फोन. 'कपाट आवरलंस का?' तिला काय, ती तिकडे दुसऱ्या गावात. आईच्या कपाटाच्या दाराला आतून तिचं छोटं कॅलेंडर चिकटवलेलं आहे. मशीनची बॅटरी एक आठवडाच चालते. दर रविवारी आई नवी घालायची आणि बॅटरीवरचा इवलासा चिकट कागद त्या तारखेवर लावायची. एक रविवार चुकायचा नाही. कपाट राहू दे.

गुरुवार, ४ जून
लिहूनच टाकते. इथे कोण वाचतंय!

मी घुमी. आई म्हणायची, 'मिठाची गुळणी धरून बसतेस. पोटातलं कळावं कसं माणसाला?' पन्नाशी आली तरी तिला काही सांगितलं नाही. ती बहिरी झाली आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. ती पाठमोरी बसून सुईदोऱ्याने जुन्या चादरी दंडायची, मी भांडी घासता घासता बोलायचे. कामावरच्या, वाचनालयातल्या साहेबांबद्दल. गुडघ्याबद्दल. ज्याला मी नाही म्हटलं आणि जो अजून दर महिन्याला पुस्तक बदलायला येतो, त्याच्याबद्दलसुद्धा. जन्मात इतकं बोलले नव्हते. मधेच दूध उतू जायला लागायचं आणि ती बरोबर उठायची. वासाने, मला वाटायचं, नाक काय तिखट!

आणि ८ मे. ताई फोनवर उपदेश करत होती — आईला हे दे, ते देऊ नकोस. माझं डोकं फिरलं. आई समोर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मी म्हणाले, 'तू येऊन कर मग! ही एकदाची गेली की मी सुटेन.'

फोन ठेवला. आईने मोठ्याने विचारलं, 'काय म्हणते ताई?' मी पाटीवर लिहिलं, 'बरी आहे.'

चार दिवस घास उतरला नाही. १२ तारखेला दुपारी तिच्या पायाची नखं कापत होते. तिथेच, तिच्या पायाशी बसून, सगळं बोलले. चुकले म्हटलं. तुझ्याशिवाय मला कोण आहे म्हटलं. तू नसलीस तर या घरात मी काय करू. रडले. ती खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, 'नख लागलं का गं?'

ऐकू आलं नाही, तेच बरं. तेवढाच एक आधार आहे मला.

शुक्रवार, ५ जून
मशीनवाल्याचं दुकान बंदच. शेजारचा औषधवाला म्हणाला, 'सोमवारी येतील.'

सोमवार, ८ जून
वाचनालय उघडलं. परत आलेलं पुस्तक तीन दिवस वेगळं ठेवायचं, हात लावायचा नाही. एक आजोबा भडकले — 'पुस्तक काय शिंकतंय का?' साहेबांनी दोन मास्क लावलेले, एक शब्द कळत नव्हता. नुसत्या माना डोलावल्या सगळ्यांनी.

चार वाजता मशीनवाल्याकडे. पावती दिली. त्याने डबी काढली, मशीन दाखवलं. मग म्हणाला, 'बदली मशीन आणलंत ना?'
'कसलं बदली मशीन?'
'बाई, मी कुणाला बहिरं ठेवून पाठवत नाही. दुरुस्तीला घेतलं की दुसरं देतो. हे बघा.' वही उघडली. आईची सही. वाटाण्याएवढं असतं म्हणाला, पार कानाच्या आत बसतं. तिचे केस तर कायम कानावर असायचे.

एकालाच आत सोडत होते त्या दिवशी, २१ मार्चला. मी शेजारी औषधांच्या रांगेत उभी होते. आई बाहेर आली, कानाकडे बोट करून हात हलवला. मी समजले, ठेवून घेतलं.

तो हसत होता! 'म्हणाल्या, मुलीला सांगू नका. माझ्यासमोर तोंड उघडत नाही, आता तरी उघडते का बघते. चार दिवस गंमत. छान स्वभाव हो त्यांचा. बऱ्या आहेत ना?'

मी हो म्हणाले. 

मंगळवार, ९ जून
रजा टाकली. उठवत नाही.

सगळं ऐकलं तिने. एकूण एक. साहेब, गुडघा, तो. आणि ८ तारीख. ऐकलं, आणि वर मलाच विचारलं — काय म्हणते ताई. काय झालं असेल तिच्या जिवाचं! 

संध्याकाळी
अगं पण — १२ तारीख! मी पायाशी बसून बोलले ते? तेही ऐकलंच की तिने! उगाच नाही डोक्यावर हात ठेवला. नख लागलं का, हेही सोंगच. हसत असेल मनात. कळलं होतं तिला, सगळं कळूनच गेली. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा पोटभर जेवले. देवा, ऐकलं तिने!

उद्या कपाट उघडते. बदली मशीन परत द्यायचंय.

बुधवार, १० जून
कपाट उघडलं. बदली मशीन तिच्या डबीत आहे. बॅटरी काढून शेजारी ठेवलेली. कॅलेंडरवर शेवटचा कागद रविवार, ३ मे. १० मे कोरा, १७ कोरा, २४ लाही काही नाही.

बॅटऱ्यांचं पाकीट तिथेच होतं. आत चार होत्या, नव्याकोऱ्या.