साळूची डबी

२ नोव्हेंबर १९७५
मिरजेच्या डॉक्टरांनी चावडीत समजावलं. पंचेचाळिशीपुढच्या प्रत्येकानं संडासचा नमुना डबीत द्यायचा. औषध टाकल्यावर निळा रंग आला, तर आतड्यात लपलेलं रक्त. मग दुर्बिणीनं बघून बारीक गाठ असली तर कॅन्सर व्हायच्या आत काढतात. वाडीची जबाबदारी माझ्यावर. सतरा वर्षं फौजेत काढली, हवालदार म्हणून रिटायर. एक्केचाळीस डब्या म्हणजे काय लढाई हाय? निश्चय: शंभर टक्के. तालुक्यात पहिला नंबर.

५ नोव्हेंबर
आप्पासोनं डबीत तंबाखू भरली. रंगूबाईनं कुंकू. दोघांना फैलावर घेतलं. नव्या डब्या मागवल्या.

८ नोव्हेंबर
चाळीस झाल्या. राहिली एक, तीही घरातली, बायकोची! साळू म्हणते, "आवं, जीव गेला तरी न्हाई द्यायची. डबीवर माजं नाव हाय. डाक्टर काय म्हनंल?" हट्टी बाई. अधूनमधून रक्त पडतं तिला, पण ती उष्णता. मिरची कमी खा म्हणून किती सांगितलं.

९ नोव्हेंबर, पहाटे साडेपाच
तोड निघाली. माझाच नमुना तिच्याही डबीत. एकाच चुलीवरचं खातो, आतडी काय वेगळी असणार?

२३ नोव्हेंबर
फक्त लालासाहेबाचा निळा आला. त्याला मिरजेला नेऊन गाठ काढली, गडी ठणठणीत. बाकी सगळे निर्दोष. माझा हार घालून सत्कार. साळूला तिच्या तपासणीचा कागद वाचून दाखवला. म्हणाली, "बगा, उष्णताच हुती न्हवं!" खरं सांगणार होतो, पण इतकी खूश झालेली. उद्या सांगू.

२४ नोव्हेंबर
पाव्हणे आले. राहिलं.

१४ एप्रिल १९७६
साळू वाळलीय. उन्हाळ्यात माणूस वाळतंच. तरी म्हटलं, मिरजेला चल. म्हणाली, "कागुद हाय की माजा, चांगला म्हनून." बेदाणा वाळला की सांगायचंच. पक्कं.

२ ऑगस्ट, मिरज
साळूला शेवटी दाखवलं. उशीर झाला म्हणाले. कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलाय. डॉक्टरांनी रजिस्टर काढलं. नऊ महिन्यांपूर्वी नमुना स्वच्छ होता, आमच्याच तपासणीत काहीतरी चुकलं, म्हणाले. माझी माफी मागितली त्यांनी. मी अटेन्शनमध्ये उभा.

१९ सप्टेंबर
बायका बघायला येतात. साळू त्यांना उशाखालचा कागद दाखवते. "मालकांनी लय केलं माज्यासाठी. नशिबात न्हवतं, त्येला त्ये काय करतील?" मी गोठ्यात जाऊन रडलो. आज सांगतोच.

२० सप्टेंबर
तिला झोप लागली होती. उठवलं नाही.

११ ऑक्टोबर
साळू गेली. सकाळी.

३ नोव्हेंबर
डॉक्टरांचं पत्र. यंदा पुन्हा डब्या वाटायच्या आहेत, गेल्या वर्षी तुमची वाडी शंभर टक्के होती, जबाबदारी घ्याल का? उत्तर लिहायला बसलो. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं: "साहेब, तुमची तपासणी चुकली नव्हती. आमच्या वाडीतून चाळीसच माणसांचे नमुने आले होते." खाली राहिलेल्या एकीचं, साळूचं नाव लिहिलं. पोस्टात टाकून आलो. चूल पेटवायची आहे अजून.