अभयदान आजपासून लागू

मी, सयाजी ज्ञानू पिसाळ, वय एकाहत्तर, कांदा-बटाटा मार्केटमधून निवृत्त झालेला तोलणार, राहणार जुईनगर, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मनाचा दाखला कोणी मागत नाही, ते बरे आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझा मुलगा शिवतेज यास मिळावी. तो ऐरोलीत राहतो. ऐरोली काही लांब नाही, पण पत्नी विजयमाला गेली त्या दिवसापासून तो आलेला नाही. स्मशानात अग्नी द्यायच्या वेळी त्याचे हातपाय कापू लागले, श्वास पुरेना. पलिता खाली टाकून तो बाहेर पळाला. अग्नी मी दिला.

२. तेव्हा माझे मेहुणे धर्मराज सगळ्यांदेखत म्हणाले, "असलं पोरगं असन्यापरीस नसल्यालं बरं." त्यांना माझी पोथी द्यावी. ऐन रणात अर्जुनाचेही अंग असेच कापले, धनुष्य हातातून गळाले. देवाने त्याला दटावले, पण रथ सोडून देव गेला नाही. ते पान दुमडून ठेवले आहे. मेहुण्यांनी चष्मा लावून वाचावे.

३. शेजारच्या उज्वलाताईंना काही देत नाही, कारण त्या साक्षीदार आहेत आणि ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही. मी दाराला कडी लावत नाही म्हणून त्या ओरडतात, "काका, चोर घुसेल ना." घुसला तर निदान कोणीतरी येईल.

४. उपनिषदात आहे की आरंभी आत्मा एकटाच होता आणि तो भ्याला. मग त्याला वाटले, दुसरे कोणी नाहीच, तर भिऊ कोणाला? भीती गेली. पण एकट्याला करमेना, म्हणून त्याला दुसरे कोणी हवेसे झाले. सोसायटीच्या देवळात मी हे वाचून सांगायचो. शेवटचे वाक्य आता फार जड जाते.

५. मला अग्नी देण्याचे बंधन शिवतेजवर नाही. त्याने गेटबाहेर बसावे, घाबरला तरी बसावे. शास्त्राने अभयदान सर्वांत मोठे मानले आहे. ते मी त्याला देत आहे.

बाकी कलमे माझ्या पश्चात, पाचवे आजपासून लागू. प्रत शिवतेजला पोस्टाने पाठवत आहे. शिवा, साक्षीदार दोन लागतात आणि मला एकच मिळाली. दुसरा माणूस घेऊन तू ये.

जुईनगर, ९ जून २०२५
सही: सयाजी ज्ञानू पिसाळ
साक्षीदार:
१. उज्वला मोहन शेलार (सही)
२. जागा ठेवली आहे.