खुर्चीतली ओल

हर्णे,
श्रावणातला रविवार

प्रिय दादा,

हे सगळं फोनवरच सांगणार होते. पण बाबांचं नाव निघालं की तुझ्या त्या गोदामात नेमकी रेंज जाते, म्हणून शेवटी कागद घेतला. रागाने लिहीत नाही. आता कुणाला विचारावं तेच कळेनासं झालंय.

जेवणाच्या खुर्च्या आठवतात ना? मी बीएस्सी झाले तेव्हा दापोलीच्या एका जुन्या बंगल्यातलं सामान विकायला काढलं होतं, तिथून बाबा टेबल आणि चार खुर्च्या टेम्पोत घालून घेऊन आले. पाठीला कातीव दांड्या उभ्या केलेल्या, काळपट सागाच्या. आपल्या घरातली पहिली पदवीवाली जमिनीवर बसून जेवणार नाही, असं त्यांनी सगळ्या आळीला ऐकवलं, आणि स्वतः मात्र खुर्चीवर चढून मांडी घातली. पाय लोंबते ठेवून जेवलं की अन्न पायात उतरतं म्हणाले. तू विचारलंस, ही खुर्ची आहे की कोंबड्यांचं खुराडं. त्या दांड्या पाठीत रुतायच्या आणि बैठक पाटासारखी कडक. बाबा म्हणाले, मासळीचा हंगाम संपू दे, सगळ्यांना गादी मारून देतो.

हंगाम त्यांच्याशिवाय संपला. त्या वादळात ते समुद्रावरून परतले नाहीत त्याला आता दोन वर्षं होतील. या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली तेव्हा मी ठरवलं की ते राहिलेलं काम आपण करायचं. मोबाइलवर बघून बघून शिकले. जुन्या गादीचा कापूस तीन खुर्च्यांना पुरला. चौथी बाबांची. तिच्यासाठी पडवीतला काथ्याचा दोर काढला, आजोबांच्या वेळचा, होडी नांगरायचा, जो बाबा कुणाला टाकू देत नसत. त्याचे पीळ सोडवताना माझी बोटं सोलली. काथ्या उन्हात वाळवला, बैठकीवर जाड थर दिला, वर मांजरपाट आणि त्यावर बाबांची चौकटीची लुंगी ताणून खालून बारीक खिळे मारले. पाठीला पातळ उशी केली आणि जाळं विणायच्या सुईने एकेका दांडीला बांधली, बाबांनी शिकवलेल्या गाठीने. आई दारातून बघत होती.  मग आत येऊन लुंगीचा काठ सरळ बसलाय का, ते चाचपून गेली.

जून लागला आणि एका सकाळी आईने माझा हात धरून मला खुर्चीपाशी नेलं. बाबांची बैठक ओली होती. बाकीच्या तिन्ही कोरड्या. आईने बोटं टेकवून जिभेला लावली. खारट. "तुझा बापूस येऊन बसला व्हता," ती म्हणाली. शेजारची मथुराकाकी येऊन गेली म्हणून सांगावं, इतक्या साधेपणाने.

मला तिथल्या तिथे उलगडा झाला होता. तो दोर वर्षानुवर्षं समुद्रात भिजलेला. मी तो गोड्या पाण्यात धुतलाच नाही, नुसता वाळवला. समुद्राचं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात आपली मिठाची बरणी पाझरते, तसंच. आठवीच्या मुलांना मी हेच शिकवते. पण दादा, त्या सकाळी आईने वादळानंतर पहिल्यांदा स्वतःहून चहा मागितला. मी तोंड उघडलं नाही.

मग ते वाढतच गेलं. आई त्या खुर्चीसमोर ताट मांडू लागली, आणि ते मांडून झाल्याशिवाय घास घेईना. बंदरावर मासळीच्या लिलावाला जायची बंद झाली, का तर तो येईल आणि दाराला कुलूप बघून परत फिरेल. तरी मी चालवून घेतलं. पण एके दिवशी खुर्चीचं ऐकून पाजपंढरीची गोदा आली. तिचा नवराही असाच परतलेला नाही. ती खुर्चीला हात जोडून आईला म्हणाली, आवडाबाई, तुझ्या माणसाला विचार ना, आमचा दिसतो का तिकडे कुठे. तिच्या कडेवर मूल होतं. मला ते सोसवलं नाही.

गोदा गेल्यावर मी आईसमोर मिठाची बरणी ठेवली आणि सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या पुस्तकात तुझा बापूस हाय काय गो?" मला राग आला. मी दापोलीहून फोम आणला, तिच्या डोळ्यांदेखत खिळे उपटून काथ्या काढला, फोम घातला, लुंगी स्वच्छ धुऊन पुन्हा ताणली आणि म्हटलं, बघ, आता ही कधी ओली होणार नाही. आणि झाली नाही. बाहेर धो धो पाऊस, आणि खुर्ची ठणठणीत कोरडी. माझं बरोबर निघालं. असं बरोबर निघणं मला पुन्हा आयुष्यात नको.

"उठवलंस त्याला," आई एवढंच म्हणाली आणि जेवायची थांबली. तो जेवत नाय तर मी कशी जेवू, म्हणे. मला वाटलं एखाद-दुसरा दिवस. पण मधुमेहाच्या गोळ्या ती उपाशीपोटीच घेत राहिली, आणि मी शाळेत असताना ओट्यापाशी कोसळली. मथुराकाकीने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर मी काही करू शकणार नाही. काकी मला बाहेर व्हरांड्यात म्हणाली, "एवढी शिकलीस, पन घरातलं काय काढावं नि काय ऱ्हाऊ द्यावं, ते कोन शिकवनार तुला?" 

तिला घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मी तांब्यातलं पाणी बाबांच्या खुर्चीवर शिंपडलं. मी, दादा. प्रयोगाचं उत्तर जुळवून लिहिलं तर मुलांना सगळा प्रयोग पुन्हा करायला लावणारी मी. तरी शिंपडलं. ती जेवणार असेल तर रोज शिंपडेन, असं ठरवूनच.

आई उठून आली. बोटं टेकवली, जिभेला लावली आणि माझ्याकडे बघितलं. रागावली नाही. "गोडं पानी हाय," म्हणाली. "समुद्रातल्या मानसाला गोडं पानी कोन देईल गो?" मग खुर्चीच्या पायाला टेकून जमिनीवर बसली आणि रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी तिच्या शेजारी बसून राहिले. रडणं थांबलं तेव्हा तिने बाबांचं नाही, तुझं नाव घेतलं.

दादा, होडीवर बाबा आणि तू, तुम्ही दोघंच होता. अंजर्ल्याच्या बोटीने तुला उचलून आणलं तेव्हा तू म्हणालास, अंधार होता, काही दिसलं नाही. आणि आठवड्याच्या आत भिवंडीला निघून गेलास, जिथून समुद्र दिसत नाही. पण वादळ दुपारी आलं होतं. मी अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते आणि समोर समुद्रातला किल्ला दिसत होता. आईलाही ते तेव्हापासून माहीत आहे. तुला सांगावं लागू नये म्हणून तिने कधी विचारलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस म्हणून ती खुर्चीला विचारत राहिली. ती म्हणाली, "दीपेश बोलला तर मी मानीन. दुसऱ्या कुनाचं नाय." मीठ मी तिला समजावू शकते, हे नाही. कुणाचा हात कसा सुटला, हे ती विचारणार नाही. कुणी विचारलंच तर मी मध्ये उभी राहीन. तू फक्त तिच्यासमोर बस आणि बाबा गेले एवढं सांग. तू येईपर्यंत पेज घेईन असं तिने कबूल केलंय. सकाळी दोन घोट घेतले, मी बघितलं. नुसत्या पेजेवर ती किती तग धरेल, मला माहीत नाही. तुझी खुर्ची कापसाची आहे, कोरडी आहे. ये.

वाट बघणारी, तुझीच,
योगिनी