सुमतीवहिनींच्या नावाचं पत्र

भिवंडी,
२७ नोव्हेंबर २०२४

ती. सुमतीवहिनींना केसरीनाथचा नमस्कार.

गुडघे कसे आहेत? नाशिकची थंडी सोसते ना? इथे सगळं ठीक. समोरचे खडखडणारे लूम बंद होऊन गाळे झाले, त्यामुळे मला दुपारची झोप लागते.

शाळेत दादाच्या नावाच्या पाटीचा कार्यक्रम रविवारी, आठ तारखेला आहे. समितीचे काळूराम काल घरी आले होते. म्हणाले, "सर, ‘शहीद’ लिहिलंत तर येणार नाही, असा वहिनींचा फोन होता. ‘बेपत्ता’च लिहा म्हणतात. पाटी पुढच्या बुधवारी रंगायला जाईल. तुम्हीच समजवा."

मी हो म्हणालो. तीनदा फोन उचलला आणि खाली ठेवला. म्हणून लिहितोय.

वहिनी, बहात्तरच्या जानेवारीत तुम्ही आठ दिवस कोनला माहेरी गेला होतात. युद्धात हल्ल्यावर गेलेलं दादाचं बॉम्बर परतलं नाही, तो बेपत्ता आहे, ही तार येऊन महिना झाला होता. आईनं अन्न सोडलेलं. "बेपत्ता म्हणजे गेले असं नाही, आई," असं तुम्ही समजावलंत, तेव्हा कुठे ती दोन घास खायला लागली होती. त्याच आठवड्यात तुमच्या नावाचं पत्र आलं. ते मी फोडलं. एकोणीस वर्षांचा होतो.

त्या हल्ल्यात शेजारच्या विमानात असलेल्या वैमानिकाचं पत्र होतं. त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. दादाच्या विमानानं पेट घेतला, ते समुद्रात पडलं. कुणीही उडी मारली नव्हती.

मी ते लपवलं. आईसाठी, असं स्वतःला सांगितलं. वीरचक्र घेऊन दिल्लीहून परतताना तुम्ही म्हणालात, "हे आले की मी स्वतः त्यांच्या छातीवर लावीन."

अठ्ठ्याहत्तर साली तुमच्या शाळेतल्या सहकाऱ्यानं तुम्हाला लग्नाचं विचारलं. स्वयंपाकघरात तुम्ही मला म्हणालात, "भाऊजी, तुम्ही सांगाल तसं करीन."

मी म्हणालो, "थांबा. दादा येईल."

तेव्हा आई सावरली होती. माझं लग्न ठरत होतं. तुम्ही गेलात तर आईचं सगळं माझ्या एकट्यावर पडेल, याची मला धास्ती होती. एवढंच कारण. नव्वद साली आई गेली, मग तेही उरलं नाही. तरी मी बोललो नाही. तुम्ही दर डिसेंबरला मंत्रालयाला अर्ज पाठवत राहिलात, आणि तुमच्या मराठी अर्जांचं इंग्रजी मी करून देत राहिलो.

ते पत्र सोबत ठेवलंय. दुसऱ्या पानाच्या तळाशी दादाचा निरोप आहे. निघण्याआधी त्यानं त्या मित्राला सांगून ठेवलं होतं: "मी आलो नाही तर सुमतीला कळव. वाट बघू नकोस म्हणावं."

काळूरामांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी मध्ये पडणार नाही. नाशिकला येऊन तुमच्यासमोर उभा राहू का, तेवढं कळवा. बोलला नाहीत तरी चालेल.

तुमच्या नावाचं पत्र बावन्न वर्षं स्वतःकडे ठेवणारा,
केसरीनाथ