इटलीचं कॉफीचं भांडं

६ जानेवारी १९७४
श्रीपूरच्या साखर कारखान्यातले इंजिनियर साहेब, त्यांच्या पत्नी वच्छलाबाई आल्या होत्या. कॉफीच्या भांड्याची मूठ तुटलीय. साहेबांनी पंधरा वर्षांपूर्वी इटलीहून आणलेलं. ॲल्युमिनियमचं, आठ कोनांचं, कमरेत आवळलेलं. खाली पाणी, मधे पूड — स्टोव्हवर ठेवलं की कॉफी आपोआप वर चढते! आयुष्यभर मी इथे सोलापुरात यंत्रमागांचे सुटे भाग ओतले. इतकं देखणं ओतकाम पाहिलं नव्हतं.

९ जानेवारी
शिसवी मूठ बसवली. मग राहवेना. भांडं वाळूत दाबून साचा घेतला. बाईंना विचारलं नाही. माझी बायको सिद्धम्मा म्हणते, तिच्या माहेरी, अक्कलकोटला, घरोघरी कॉफी असते. अशी भांडी हातोहात खपतील.

१२ जानेवारी
बाई भांडं घेऊन गेल्या. साच्याचं बोललो नाही.

१६ जानेवारी
त्या साच्यातून ओतलेलं माझं भांडं आज स्टोव्हवर ठेवलं. कॉफी वर येईना. सिद्धम्मा दूध आणायला उठली, आणि धाडकन वरचा भाग उडून छपराच्या पत्र्यावर आदळला. तुकडा पडला तो तिच्या पाटावर! लागलं कुणालाच नाही.
मग ती म्हणाली, "त्यांच्या भांड्याला बाजूला पितळी मणी हुता. तुमच्याला का न्हाय?"
शोभेचा समजून मी तो सोडला होता. जास्तीची वाफ तिथूनच सुटत असणार. आणि बाईंचं भांडं मी ओल्या वाळूत दाबलेलं — तो मणी बुजला असेल तर?

१७ जानेवारी
पहिल्या एस.टी.नं निघालो, पंढरपूरला गाडी बदलली. श्रीपूरला पोचलो तर भांडं स्टोव्हवरच. न विचारता उतरवलं. गार झाल्यावर मणी काढला. आत वाळू, दगडासारखी घट्ट. बाईंना सगळं सांगितलं, साच्याचंही. रागावल्या नाहीत.
"एवढ्यासाठी सोलापूरहून आलात?"
साहेब कारखान्यात असावेत. त्यांचीही माफी मागायची होती, तसं म्हणालो.
"मी सांगेन त्यांना," म्हणाल्या.

२ फेब्रुवारी
पार्सल आलं. तेच भांडं, आणि बाईंची चिठ्ठी: "साहेब दोन वर्षांपूर्वी पुन्हा इटलीला गेले, ते तिकडेच राहिले. मी कॉफी पीत नाही. कधी आलेच तर घरात तो वास असावा, म्हणून रोज सकाळी चढवत होते. तुम्ही उतरवलंत, त्यानंतर पुन्हा ठेवलं नाही."